स्टूल विक्रीचं आहे

सकाळी साडेनऊला अर्धं शटर वर करून
मी आधी गिटारी सुरात आणतो.
अठ्ठावीस गिटारी, सहा-सहा तारा.
डिसेंबरात नाशिकची थंडी
रात्रीतून एकेका तारेचा कान पिळून जाते.
शेठ येतात अकराला.
ह्या दीड तासाला हजेरीबुकात रकाना नाही,
सात मिनिटांच्या उशिराला मात्र आहे.

रविवार कारंज्यावरून आत वळलं की तिसरं दुकान.
बसायच्या जागा मोजून नऊ:
ड्रमवाल्यांचे गोल तीन,
कीबोर्डचे घडीचे पाच,
आणि पियानोचं ते लांबट, काळ्या रेक्झिनचं.
सगळ्यांवर प्लॅस्टिक, सगळ्यांना किमतीची चिठ्ठी.
पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं,
"स्टूल विक्रीचं आहे, हेमराज."
चौदा वर्षं झाली.
पोटऱ्यांवरच्या निळ्या गाठी दाबून बघत
डॉक्टर म्हणाले, ट्रॅफिक पोलिसात आहात का?

मला सगळं येतं, पण मुखड्यापर्यंत.
भजन, लावणी, लग्नातली ती इंग्रजी धून,
गिऱ्हाईक तेवढ्यात ठरवतं
घ्यायचं, की खोक्यावरच्या नंबराचा
फोटो काढून "येतो हं" म्हणायचं.
येत नाही.
पूर्वी गिटारीमागं शंभर रुपये सुटायचे.
आता त्या फोटोमागं काय सुटणार?

श्रावण लागला की पथकांची पोरं येतात ढोल न्यायला.
एकेक ढोल ताणायचा, ठोकून दाखवायचा,
दिवसाला साठ, सत्तर.
समोरच्या चपलांच्या दुकानातली चंद्रभागाबाई
गणपती उठेपर्यंत कानात कापूस घालून बसते.
तिला बसता तरी येतं.
गणपती जातात, आवाज राहतो.
डाव्या कानातली ती बारीक शिट्टी मी
मुश्ताकभाईंना गुणगुणून दाखवली.
ते मागच्या बोळकांडीत तबल्यांना शाई भरतात,
नगावर. त्यांना तर खाडासुद्धा पडत नाही,
कारण त्यांचं नाव कुठंच नाही.
"काळी चार," ते म्हणाले, हातोडी न थांबवता.
"माझी पांढरी पाच आहे."

दिवाळीच्या आधी बोललो एकदाचा.
बारा हजार आठशेत भागत नाही म्हटलं.
शेठनी चहा मागवला, दोन.
"ऑनलाइननं कंबर मोडली रे आपली."
आपली, असं म्हणाले.
मी कंबरेवर हात ठेवून उभा.
मग काउंटरखालून एक पेटी काढली,
कुणीतरी बदल्यात टाकून गेलेली,
मधल्या सप्तकातला मध्यम मुका.
"घेऊन जा. लेकीला होईल."

खांद्यावर पेटी घेऊन होळकर पुलावरून चालत निमाणी.
मखमलाबादच्या बसमध्ये कंडक्टरनं
तिचं वेगळं तिकीट फाडलं.
तरी मी खूष होतो. खोटं कशाला बोलू?
पगाराच्या चिठ्ठीवर पुढच्या महिन्यात आलं:
हार्मोनियम, वजा पाचशे, हप्ता पहिला, आठपैकी.

त्रिवेणी नऊ वर्षांची.
सा रे ग वाजवते,
मध्यमाशी येऊन बोट उचलते,
तेवढा सूर गळ्यानं लावते
आणि पंचमावर परत पेटीत उतरते.
तिला वाटतं पेट्या अशाच असतात.
तो पडदा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, साठ रुपयांचा,
बसवायला दहा मिनिटं.
पण आठवा हप्ता फिटेपर्यंत माल शेठचा,
आणि शेठच्या मालाची फुकट दुरुस्ती
ह्या वर्षी करायची नाही, असं ठरवलंय.

रात्री जेवणं झाली की मी भिंतीला टेकून बसतो.
फरशीवर. पाय लांब करून.
ती पूर्ण गाणं वाजवते.
अंतऱ्याला येते तोवर
माझा डोळा लागलेला असतो.